घमेलं, मेस्त्री आणि डोंगरीचं देऊळ

पहिला दिवस, शुक्रवार : ठाणे

काल दसरा झाला. वहिनीने दाराच्या चौकटीवर नवं बांधलं : भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडूचं फूल. वहिनी मालवणकडची. नौपाड्यात येऊन तिला तीस वर्षं झाली, पण दसऱ्याला दारावर लोंबी चढली नाही असं एकही वर्ष गेलं नाही.

दादा आता निवृत्त आहे. आयुष्य बांधकामात गेलं. गवंड्याच्या हाताखाली विटा देण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी स्वतःची कामं घेऊ लागला. त्याच्याकडे बरीच वर्षं काम केलेला एक गवंडी भाईंदरजवळच्या डोंगरी गावचा. त्याच्या आईने रविवारच्या आगेऱ्याला आम्हाला बोलावलं होतं. आगेरा म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा नव्या पिकाचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा. दादा म्हणाला, "एकदम डोंगरीला जाऊन काय कळणार? आधी ठाणं बघू, मग वसई, मग डोंगरी. पाया बघितल्याशिवाय भिंत बघायची नाही." म्हणून तीन दिवस.

सकाळी चालतच निघालो. कोर्टनाक्याकडे वळल्यावर दादा जेलच्या भिंतीपाशी थांबला. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे पोर्तुगीजांचा किल्ला. मराठ्यांची भीती वाढली तेव्हा, १७३० च्या दशकात, त्यांनी तो बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आतच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला. याच कारागृहात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले. ठाणेकर माणूस या भिंतीजवळून जाताना आपोआप आवाज खाली आणतो, आम्हीही आणला.

मग दादाने मला एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. 'तुरुंग' हा शब्दच पोर्तुगीज. त्यांच्याकडे 'त्रोंकु' म्हणजे लाकडाचा ओंडका; कैद्याचे पाय त्यात अडकवायचे. त्याचा झाला तुरुंग. "आणि आमच्या धंद्यातले ऐक," तो म्हणाला. "मेस्त्री हा त्यांचा 'मेस्त्रे'. घमेलं ही त्यांची 'गामेला'. कुलपाची चावी त्यांची, अंगातला खमीस त्यांचा. चाळीस वर्षं मी मेस्त्री म्हणून हाक ऐकली आणि घमेल्याने माल उचलला, तो सगळा त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या गवंड्यांचा वारसा."

हे ऐकल्यावर तीनही दिवस मी चर्चकडे वेगळ्या डोळ्यांनी बघितलं. शब्द पुस्तकातून असे येत नाहीत. ते परातीतून, परांचीवरून, एकमेकांना 'दे रे' म्हणताना येतात. मुकादम परका, हात इथले.

जेलपासून जवळच इंग्रजांचं सेंट जेम्स चर्च आहे. १८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर ठाण्यात आले आणि त्यांनी त्याचा अभिषेक केला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिणेत तिरुचिरापल्लीला ते वारले. मला हेबर आवडतात ते वेगळ्या कारणाने. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या या किल्ल्यात कैदेत होते आणि सप्टेंबर १८१६ मध्ये निसटले. पहारा गोऱ्यांचा. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणं म्हणायचा आणि त्या मराठी गाण्यातून निसटायचा बेत आत पोचायचा. पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ही हकीकत हेबर यांनी आपल्या प्रवासाच्या टिपणांत गाण्यासकट लिहून ठेवली. चर्चच्या अभिषेकाला आलेल्या माणसाने गावातली गोष्ट कान देऊन ऐकली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

तिथून जांभळी नाक्याकडे. कौपिनेश्वराला हात जोडले आणि मासुंदा तळ्याच्या काठाने सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी आलो. शाळेत असताना रोज या कुंपणाशेजारून गेलोय. मूळची ही जागा फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाची. गुजरातच्या बहादूरशाहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि त्यांच्या पाठोपाठ हे साधू या किनाऱ्यावर आले.

पण ठाण्यातला ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या आधीचा आहे. वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, होर्मुझहून कोल्लमला निघालेलं एक जहाज वाऱ्याने भरकटून ठाण्याला लागलं. त्यात तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री असे चार फ्रान्सिस्कन होते, आणि जॉर्डानस नावाचा डोमिनिकन, म्हणजे दुसऱ्या पंथाचा साधू. ठाण्यात तेव्हा पंधरा घरं नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाची, ख्रिस्ती होती. त्यातल्याच एका घरी हे उतरले. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, बाई काझीकडे गेली, पाहुण्यांना साक्षीला बोलावलं गेलं आणि साक्ष राहिली बाजूला, धर्मावर वाद पेटला. ९ एप्रिलला तिघांना मारलं, पीटरला दोन दिवसांनी. जॉर्डानस तेव्हा ठाण्यात नव्हता. त्याने त्यांना वसईजवळच्या सोपाऱ्याला पुरलं. थोड्याच काळाने ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन समुद्रमार्गे चीनला गेला.

नवराबायकोचं भांडण, शेजारचं काझीचं दार, भरकटलेलं जहाज. सातशे वर्षांपूर्वीचं ठाणं एवढ्यातून माझ्यासमोर उभं राहतं. मासुंद्याच्या कट्ट्यावर भेळ खाणाऱ्या गर्दीत आम्ही बराच वेळ त्या पंधरा घरांबद्दल बोलत बसलो. ती कुठे असतील? बंदराच्या बाजूला, दादाचं मत. व्यापारी माणूस खाडी सोडून राहणार नाही.

दुसरा दिवस, शनिवार : भाईंदरहून वसई

घोडबंदर रोडने भाईंदरला पोचेपर्यंतच दोन तास गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भाईंदरहून वसईला रो-रो बोट २०२४ पासून सुरू झाली आहे. गाड्या, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, सगळं एका बोटीत. खाडी ओलांडताना डावीकडे धारावी बेटाचा किनारा दिसतो. मुंबईतली धारावी ही नव्हे. भाईंदर, डोंगरी, उत्तन, गोराई ही गावं ज्या जमिनीच्या पट्ट्यावर आहेत, त्याचं हे जुनं नाव.

वसईचा किल्ला दादाने पूर्वी बघितला होता, पण तो म्हणाला की आज तो चर्च बघायला आलाय, किल्ला नाही. तटाच्या आत एवढी चर्च होती की हे मुख्यतः देवळांचंच शहर असावं. जेझुइट पंथाच्या साधूंचं वेगळं, डोमिनिकनांचं वेगळं, फ्रान्सिस्कनांचं वेगळं, शिवाय संत जोसेफचं मुख्य चर्च. त्याच्या दारावरच्या शिलालेखात १६०१ हे साल आहे. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या काळात याचं नूतनीकरण झाल्याचं त्यात कोरलंय. त्याचा मनोरा झाडीतून वर आलेला लांबूनच दिसतो.

आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला तो फ्रान्सिस्कन चर्चमध्ये. वर आकाश, खाली गवत, आणि गवतात पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा. मुख्य दालनाचं छप्पर गेलंय, पण बाजूच्या छोट्या दालनांवरचे दगडी घुमट अजून तोलून उभे आहेत. याचं कारण दादाने सांगितलं ते असं. मधल्या रुंद दालनावर लाकडाचं छप्पर होतं : सागाच्या कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, वासे, वर कौलं. लाकडाला दोन शत्रू, पाऊस आणि वाळवी. माणसं निघून गेली, कौलं फिरवणारं कोणी राहिलं नाही, चार पावसाळ्यांत वासे गेले. बाजूची दालनं अरुंद, म्हणून त्यांच्यावर दगडाचीच कमान टाकता आली. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्यावर रेलतो, मधला पाचरीसारखा दगड बसला की सगळा भार तिरपा होऊन भिंतीत उतरतो. तिथे लाकूड लागतं ते फक्त बांधताना, आधाराला. नंतर काढून घेतात.

"आणि भिंत एवढी जाड का?" मी विचारलं.

"तिरपे वासे सरळ खाली बसत नाहीत, ते भिंतीला बाहेर ढकलतात. तेव्हा आजच्यासारखं लोखंड नव्हतं, म्हणून वजनाने अडवायचं. जाड भिंत म्हणजे बाहेरून लावलेला खांदा."

जेझुइट चर्चची दर्शनी भिंत तर एकटीच उभी आहे असं वाटतं. खांब, कोनाडे, वर तिकोनी माथा. दादा तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि मला बोलावलं. समोरून जे राजवाड्यासारखं दिसतं, ते बाजूने बघितलं तर एक उंच पडदा आहे, मागच्या छपरापेक्षा वर गेलेला. दूरून, खाडीतून येणाऱ्याला देवाचं घर दिसावं म्हणून. आपल्याकडे शिखर हे काम करतं. फरक एवढाच की शिखर गाभाऱ्यावर असतं, म्हणजे देव कुठे बसलाय ते सांगतं. ही भिंत दारावर असते, म्हणजे माणसाने कुठून आत यायचं ते सांगते.

याच किल्ल्यात जेझुइटांकडे वसईचा गोन्सालो गार्सिया शिकला. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं आणि १८६२ मध्ये तो संत ठरला.

दगडाबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. गोव्यातलं बॉम जेझुस चर्च लाल जांभ्याचं आहे, पण त्याच्या दर्शनी भागावरचं नक्षीकाम काळ्या दगडाचं. जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही. तो काळा दगड वसईकडून गलबतांतून गेला. आज देशभरातून माणसं ज्या भिंतीचे फोटो काढायला जातात, तिचं नक्षीकाम आपल्या बाजूच्या दगडात आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. सुरुंग, खंदक, दोन्हीकडची मेलेली माणसं. मराठी घरात हा इतिहास सांगावा लागत नाही. शरणागतीच्या करारात पोर्तुगीजांना मानाने बाहेर पडू दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा राहिली. चर्चच्या घंटा मात्र देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला त्या आजही आहेत. दादाने भीमाशंकरची घंटा स्वतः बघितली आहे. घंटेशिवायच्या एका रिकाम्या खिडकीखाली तो उभा राहिला आणि म्हणाला, "वाजतेय तरी कुठेतरी." मला त्याचं ते वाक्य पटलं. वितळवून तोफ झाली असती तर गेलीच असती.

पोर्तुगीज गेले, गोरे पाद्री गेले, मग गावातल्या माणसांनी काय केलं? गोव्याहून आलेल्या आपल्यासारख्याच सावळ्या पाद्रींनी ही वस्ती सांभाळली. वसईच्या तटातली भव्य चर्च उघडी पडली आणि गावातली साधी देवळं जगली, कारण गावात कौलं फिरवायला माणसं होती.

तिसरा दिवस, रविवार : डोंगरी, उत्तन, चौक

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडली. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं, बाजूला मिठागरं, मग एकदम हिरवी शेतं. हळवं भात पिवळं झालेलं. वाटेत वळणावळणाला क्रूस. कुठे झेंडूची माळ, कुठे मेणबत्तीचा काळा डाग. आपल्याकडे गावाच्या वेशीवर म्हसोबा असतो तशी ही जागा.

गवंडी आणि त्याची आई रस्त्यावरच उभी होती. मावशीने लाल चौकड्याचं लुगडं नेसलेलं, केसांत फूल. मी विचारलं, चर्च कुठल्या बाजूला. ती म्हणाली, "देवलान जाताव ना? चला माझ्यासंगत."

देऊळ. ती चर्च म्हणालीच नाही, त्या दिवसभरात एकदाही नाही. दादाने माझ्याकडे बघितलं.

डोंगरीच्या देवळाचं नाव बेथलेहेमची माता. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर. भातशेतीच्या गावात, नव्या पिकाच्या दिवशी, भाकरीच्या घरी आम्ही चाललो होतो. गावातली पोरं कापलेल्या भाताच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन पुढे, बायका लुगड्यांत, मागे बँड, आणि पाद्री वाटेत उभे राहून पेंढ्यांवर पाणी शिंपडत होते. पाद्री, हाही त्यांचाच शब्द.

आत मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, मराठीत झाला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, तो लॅटिनमध्ये व्हायचा आणि पाद्री वेदीकडे तोंड करून उभे राहायचे, लोकांकडे पाठ. मावशी लहान असताना तसंच होतं. शब्द कळायचे नाहीत, पण घंटा वाजली की गुडघे टेकायचे हे कळायचं. नंतर भाषा आपली झाली. ती हे सांगताना अगदी सहज सांगत होती. मला मात्र वाटलं की बांधकामातला सर्वांत मोठा बदल हाच असणार, भिंत तीच आणि तोंड फिरलं.

दादाने रचना समजावली. आपल्या देवळात गाभारा लहान आणि अंधारा. तिथे पुजारी, आणि माणूस एकेकटा दर्शन घेऊन निघतो. मंडप जमायला. इथे मंडपच मुख्य. सगळं गाव एका वेळी आत मावलं पाहिजे, प्रत्येकाला वेदी दिसली पाहिजे, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून लांबट दालन, मध्ये खांब शक्यतो नको, आणि टोकाला वेदीचा भाग कमानीने वेगळा केलेला. ती कमान म्हणजे गाभाऱ्याचा उंबरा. हा साचा फ्रान्सिस्कनांनी साष्टी बेटात वापरला, कारण तो गावच्या गवंड्याला आणि सुताराला जमण्यासारखा होता.

मिस्सा संपल्यावर दादा बाहेर रेंगाळला आणि गवंड्याशी चुन्यावर बोलत बसला. या किनाऱ्यावर चुनखडीपेक्षा शिंपल्या सोप्या. शिंपल्या भट्टीत भाजायच्या, पाण्यात विरवायच्या, मग बैल जुंपून घाणीत वाळूबरोबर मळायच्या. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी घालायचं. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वर्षानुवर्षं घट्ट होत जातो, आणि तरी श्वास घेतो : भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर सोडतो. इथे दादाचा आवाज चढला. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या, नाव लिहीत नाही, जुन्या छोट्या प्रार्थनाघरावर त्याच्या डोळ्यांदेखत सिमेंटचा गिलावा चढला. त्याने नको म्हटलं, कोणी ऐकलं नाही. सिमेंट पाणी अडवतं. तीन पावसाळ्यांत आतून ओल धरली आणि गिलाव्याची पापुद्री जुन्या चुन्यासकट निघाली. "चारशे वर्षं टिकलेलं तीन वर्षांत सोललं," तो म्हणाला. गवंडी मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या मुलाला घाणीचा चुना माहीतच नाही, हे त्याने नंतर मला सांगितलं.

जेवण मावशीकडे. तांदळाच्या हातभाकऱ्या, बाटली मसाल्यातलं मटण, बोंबलाचं कालवण. बाटली मसाला उन्हाळ्यात कुटून काळ्या बाटलीत दाबून भरतात, म्हणून ते नाव. मावशीच्या तोंडून 'ईस्ट इंडियन' हा शब्द आला तेव्हा मी विचारलं की पश्चिम किनाऱ्यावर राहून पूर्वेचे कसे? तिच्या नातीला उत्तर माहीत होतं. गोव्याहून आणि मंगळूरहून माणसं मुंबईत नोकरीला येऊ लागली तेव्हा आपण इथलेच, मूळचे, हे कळावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या पन्नासाव्या वर्षी, इथल्या लोकांनी हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून तिच्याकडे कामाला असलेले, म्हणून. कागदावर असं नाव, आणि घरात "देवलान जाताव".

दुपारनंतर उत्तन. समुद्रमातेचं चर्च, होड्या, आणि वलांडीवर टांगलेले बोंबील, तोंडात तोंड अडकवून. इथले कोळी ख्रिस्ती. पावसाळा संपून होड्या पाण्यात ढकलताना त्यांना आशीर्वाद द्यायला पाद्री येतात आणि सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर जमतो. पुढे चौक गावाला धारावीच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. वसईच्या मोहिमेत ही टेकडी दोन्ही बाजूंना जिवाइतकी महत्त्वाची होती, कारण खाडीचं तोंड हिच्या नजरेत आहे. आता तिथे चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. पलीकडे, पाण्यावर, काल बघितलेला वसईचा तट.

गवंड्याने टेकडीच्या उताराकडे बोट दाखवलं. इथल्या खाणीतला दगड पलीकडे वसईला जायचा, असं गावात सांगतात. दादा बराच वेळ ते पाणी बघत राहिला. मग त्याने विचारलं ते फक्त कामाचं : एवढा दगड होडीत भरायचा तर भरतीला की ओहोटीला? गवंडी म्हणाला, ओहोटीला होडी चिखलात टेकवून भरायची, आणि भरती आली की ती आपोआप उचलते. दादाने मान डोलावली.

निघताना मावशीने आशीर्वाद झालेल्या पेंढीतल्या चार लोंब्या काढून दादाच्या हातात दिल्या. घरी दारावर लावा म्हणाली. बसमध्ये गर्दी होती. दादाने त्या खमिसाच्या खिशात उभ्या धरून ठेवल्या, दाणे गळू नयेत म्हणून वरून हात.

रात्री नौपाड्यात पोचलो तेव्हा वहिनी जागी होती. तिने लोंब्या घेतल्या, एक दाणा दातांखाली फोडून बघितला आणि म्हणाली, "चांगलं भरलंय भात." मग स्टूल ओढून ती चौकटीपाशी गेली, दसऱ्याच्या नव्याची गाठ थोडी सैल केली आणि त्यातच त्या खोवल्या.